तीळभर खाच

क्राकूव, १२ जानेवारी १९९७

ब्रुनो,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू पत्र न फोडता चुलीत घालशील, म्हणून पत्ता इरेनाकडून लिहून घेतला. इरेना आमच्या संग्रहालयात किड्यांची चित्रं काढते, अक्षर वळणदार आहे. हेल्काला वाटेल नवऱ्याची कुणी नवी मैत्रीण निघाली. वाटू दे. निदान पाकीट तरी फुटेल.

मी बरी आहे. गुडघा अधूनमधून बोलतो. डिसेंबरच्या वादळानंतर तुमच्या किनाऱ्यावर भरपूर अंबर लागल्याचं पेपरात वाचलं. तू गेला असशीलच जाळं घेऊन, कमरेएवढ्या गार पाण्यात, या वयात. असो. मी काही बोलत नाही.

एक कामाचं विचारायचं होतं. साधंच आहे. दीड वर्षापूर्वी संग्रहालयाने ग्दान्स्कच्या एका व्यापाऱ्याकडून अंबराचे चाळीस खडे घेतले, सगळे आत किडा असलेले. त्यातला एक मधाच्या रंगाचा, जर्दाळूच्या बीएवढा. आत तांदळाच्या कणीएवढा भुंगेरा. इतका स्वच्छ, की चार कोटी वर्षांपूर्वी झाडाच्या राळेत अडकलाय असं वाटतच नाही, आत्ता मिशी हलवेल असं वाटतं. सडक्या लाकडात राहणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी आहे. त्याचे भाऊबंद आजही आपल्या जंगलात आहेत, आणि पहिल्यांदा मीही त्याला त्यांच्यातलाच समजून डबीत टाकणार होते. मिशीचे अकरा सांधे तसेच. पंखांवरच्या कवचाला दहा रेघा, त्याही तशाच. मग खडा उलटा केला. मानेवर जी ढाल असते, तिच्या खालच्या अंगाला, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे दोन खोल खळगे. धोका आला की मिशा दुमडून त्यात लपवायच्या. असे खळगे त्याच्या एकाही भाऊबंदाला नाहीत. मी सात देशांच्या संग्रहांतून नमुने मागवून पाहिले.

म्हणजे ब्रुनो, हा नुसता नवा भुंगेरा नाही, हे नवं घराणंच आहे. आम्ही त्याला प्रजाती म्हणतो, तिच्याखाली उद्या आणखी दहा जाती सापडतील. तिला नाव द्यायचा मान माझा. मी नाव दिलंय 'बिश्केया'. बाबांच्या आडनावावरून. आउगुस्त बिश्के, ज्यांनी आयुष्यभर समुद्रातून खडे वेचले आणि ज्यांना शाळा तिसरीपलीकडे दिसली नाही, त्यांचं नाव जगातल्या भुंगेऱ्यांच्या प्रत्येक यादीत. मला वाटलं तुला बरं वाटेल.

लेख स्वीकारला गेलाय. एप्रिलच्या दहा तारखेला छापायला जाईल.

हा खडा तुझ्या हातातून गेलेला आहे. व्यापाऱ्याने सांगितलं नाही, मीच ओळखला. कडेला तिळाएवढी खाच आहे, तिथे पॉलिश नाही. अशी खाच मी तुझ्याच एका खड्यावर पूर्वी पाहिली होती. कुठल्या, ते सांगायला नको.

हेल्काला नमस्कार.

त्रुदा

ता. क. हा खडा तू भट्टीत तापवला होतास का? सहज विचारते.


क्राकूव, २ फेब्रुवारी १९९७

ब्रुनो,

तीन आठवडे झाले. पाकीट परत आलं नाही म्हणजे पोचलं असणार. या वेळी पत्ता मीच लिहिलाय. एकदाच काय ती चोरी.

'सहज विचारते' असं मी लिहिलं होतं. ते सहज नव्हतं, तुला कळलंच असेल. लेख छापण्याआधी दुसऱ्या एका जाणकाराकडे तपासायला जातो. माझा गेला जर्मनीतल्या ल्यूडेकेंकडे. सत्तरी उलटलेली आहे, पण नजर घारीची. त्यांनी तीन पानं कौतुक केलं आणि शेवटी एकच ओळ: 'खडा तापवलेला नाही याची खात्री आहे का?'

कारण उघड आहे. तुला मी काय सांगू, तू हेच करत आलास. दुधी खडा वाळूच्या भट्टीत हळूहळू तापवला की स्वच्छ होतो, गिऱ्हाइकाला आतला किडा दिसतो. पण उष्णतेने आतला किडाही बदलतो. त्याचं कवच कागदासारखं पातळ, आत हवा. एखादी बाजू आत बसते. ल्यूडेके म्हणतात, त्यांनी असे बसलेले खळगे पाहिलेत, दोन्ही बाजूंना अगदी सारखे. म्हणजे माझ्या भुंगेऱ्याचे खळगे त्याचे स्वतःचे नसून भट्टीचे असतील, तर नवं घराणं वगैरे काही नाही. तो आपला रोजचाच भुंगेरा, चेपलेला.

आणि नाव एकदा छापलं की पुसता येत नाही, हा आमच्याकडचा नियम. खोटं ठरलं तरी यादीत राहतं, पुढे 'रद्द' अशी खूण लागते, आणि खाली कुणाची चूक तेही. पन्नास वर्षांनी एखादी पोरगी यादी चाळेल आणि बाबांचं नाव तिला रद्दीत सापडेल.

आपोआप कळत का नाही, असं तू म्हणशील. बेफिकीर तापवला तर आत चकचकीत चकत्या उमटतात, ते आंधळ्यालाही दिसतं. या खड्यात एकही चकती नाही. पण तुझ्या हातची भट्टी अशी की खड्यालासुद्धा कळत नाही, असं बाबा म्हणायचे. म्हणून तर माझी झोप उडालीय. वॉर्साला यंत्र आहे, त्याची रांग जूनपर्यंत आहे, आणि तेही छातीठोक सांगत नाही म्हणे.

एक शब्द पुरे. हो किंवा नाही. बाकी काही लिहू नकोस.

मला ठाऊक आहे तुला अजून सरड्याच्या खड्याचा राग आहे. पंधरा वर्षं झाली. तुझ्याकडून विकत घेतलेला तो खडा डॉक्टरांनी संग्रहालयाला द्यायला आणला, माझ्या टेबलावर आला, आणि मला जे दिसलं ते मी लिहिलं, की आतला सरडा खोटा आहे. विकणारा माझा भाऊ आहे म्हणून मी वेगळं लिहायला हवं होतं का? तूच सांग.

त्रुदा


क्राकूव, १६ फेब्रुवारी १९९७

ब्रुनो,

तुझं कार्ड आलं. मागे दीपस्तंभाचं चित्र, पुढे दोन ओळी. 'सगळेच तापवतात. तू तर नुसत्या डोळ्यांनी ओळखतेस ना? आधी माझ्या आडनावाला खोटं ठरवलंस, आता ते किड्याला लावतेस.'

वाचून पहिल्यांदा मी इतकी संतापले की कार्ड कचऱ्यात टाकलं. मग बाहेर काढलं, त्याला चहाची पत्ती लागली होती ती पुसली, आणि आता ते सूक्ष्मदर्शकाला टेकून उभं आहे. इरेना म्हणाली, "भाऊ लिहितो मोजकं, पण लागतं नेमकं." मी म्हटलं, तुला कुणी विचारलं? ती म्हणाली, "तुमच्या घरात कुणी कुणाला विचारतच नाही वाटतं."

'सगळेच तापवतात' हे उत्तर नव्हे. सगळ्यांचं मला काय करायचंय?

गेल्या दोन आठवड्यांत मी काय काय केलं सांगते. खळग्यांच्या कडा मोजल्या. उजवा डाव्यापेक्षा केसभर खोल निघाला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग आठवलं की माझेही दोन कान सारखे नाहीत. खळग्याच्या तळाला बारीक केस आहेत असं एका बाजूने उजेड टाकला की वाटतं; केस असतील तर खळगा भुंगेऱ्याचाच, भट्टी काही केस लावत नाही. दुसऱ्या बाजूने उजेड टाकला की वाटतं त्या नुसत्या सुरकुत्या आहेत. इरेनाने चित्रात केस काढले, मी खोडायला लावले, परत काढायला लावले. कागदाला भोक पडायची वेळ आली तेव्हा तिने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि ती जेवायला निघून गेली.

आता जे लिहिते ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. ल्यूडेकेंच्या त्या ओळीला मी उत्तर आधीच देऊन बसलेय. नोव्हेंबरमध्येच. 'खात्री आहे' असं लिहिलं. दोन शब्द. माझ्याकडे खात्रीचं काहीही नव्हतं. खड्यात चकत्या दिसत नव्हत्या आणि मला खळगे हवे होते, एवढंच होतं. माझ्या शब्दावर त्यांनी लेख पुढे जाऊ दिला, कारण मी कोण, तर खोटे खडे पकडणारी त्रुदा बिश्के. आमच्या दालनात एक कपाटच आहे, 'अंबरातील फसवणूक' म्हणून, शाळेच्या सहली येतात बघायला. मी बांधलंय ते. त्या बाईने 'खात्री आहे' म्हटल्यावर कोण शंका घेणार?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. फोन वाजला की वाटतं जर्मनीहून आहे.

सोबत इरेनाने काढलेली खड्याची आकृती पाठवते, मापात, खाचेसकट. बघून काही आठवलं तर लिही. तू तापवला असशील तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. तापवणं हा तुझा धंदा आहे, गुन्हा नाही.

त्रुदा


क्राकूव, ९ मार्च १९९७

ब्रुनो,

काल हेल्काचा फोन आला होता. तिने तुला सांगितलं की नाही ठाऊक नाही. तिच्यावर चिडू नकोस. शेजारणीकडून केला होता आणि मागे कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

मी म्हटलं, "हेल्का, तो पत्रं वाचतो का गं माझी?"

"वाचतो की. वाचतो आणि पॉलिशच्या चाकाशेजारच्या फळीवर ठेवतो. तुझं ते चित्रही टाचणीने लावलंय. येता-जाता बघतो आणि पुटपुटतो."

"मग एक शब्द लिहायला काय होतं त्याला?"

"त्रुदा, राग मानू नकोस, पण तुझी सगळी पत्रं मागणाऱ्याची आहेत. हो सांग, नाही सांग, दहा तारखेच्या आत सांग. पंधरा वर्षांनी लिहिलंस आणि पहिल्या पत्रात किड्याच्या मिशीचे सांधे मोजलेस. तो कसा आहे, हे एका तरी पत्रात विचारलंस का?"

मग तिने मला सरड्याच्या त्या वर्षाचं सांगितलं. माझ्या अहवालावरून कारागीर संघाचं पत्र आलं तेव्हा तू चाकावर होतास, पत्र वाचून चाक बंद केलंस आणि वाळूची भट्टी झाकून ठेवलीस, दोन वर्षं. डॉक्टरांचा खडा परत घेतलास. गोदीत पिंपं ढकललीस. हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तू आपला शिव्या देत काम करत असशील, जसा नेहमी करायचास. तिने असंही सांगितलं की तेव्हा लोक तुला म्हणाले, जा ना क्राकूवला, बहीण आहे तुझी, बोल तिच्याशी. तू म्हणालास, "तिला माझा पत्ता माहीत आहे. शेजारणीचा फोन माहीत आहे. लिहायच्या आधी तिने एकदा विचारायला हवं होतं."

मग हेल्का म्हणाली, "तू तेव्हा विचारलं असतंस ना, तर..." आणि कुत्र्यावर ओरडली आणि फोन ठेवला.

त्यानंतर आई गेली. अंत्यविधीनंतर जेवणाला बसलो होतो तेव्हा तू बाबांचं तपकीर ठेवायचं शिंग काढलंस. एकेकाच्या हातावर चिमूटभर ठेवत टेबलाच्या कडेने गेलास. मार्ता आत्यालाही दिलीस, तिला तर दमा. माझ्यापुढून मात्र पुढे गेलास. बाबा वैऱ्यालाही तपकीर दिल्याशिवाय बसवत नसत. मी घरी येऊन खूप रडले आणि मग स्वतःला समजावलं की मला तरी कुठे आवडते तपकीर, शिंका येतात.

कसा आहेस, ब्रुनो? गार पाण्याने पाय दुखतात का? तुझ्या खोकल्याचं काय झालं?

भुंगेऱ्याबद्दल आज काही विचारत नाही. संपादकांना मात्र कळवलंय की छपाई थोडी थांबवता येईल का बघा. ते म्हणाले, दहा तारीख म्हणजे दहा तारीख. नाहीतर लेख मागे घ्या.

त्रुदा


क्राकूव, १९ मार्च १९९७

ब्रुनो,

पार्सल पोचलं. दोरी सोडवायला मला आणि इरेनाला मिळून पाव तास लागला. गाठी बाबांसारख्या मारतोस. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तपकिरीच्या दोन पत्र्याच्या डब्या. झाकण उघडलं आणि मला सात शिंका आल्या. बाबांच्या जाकिटाचा वास अजून तसाच आहे त्या पत्र्याला.

तुझी चिठ्ठी मी चार वेळा वाचली. तीच पुन्हा लिहून दाखवते, म्हणजे नीट समजली की नाही ते तू बघ:

'खडा हातात येतो त्या दिवशी, काही करायच्या आधी, कडेचा एक कण तोडायचा. बाबांची रीत. कण कागदात, कागदावर खड्याची आकृती, कागद डबीत. मग तापव, नको तापवू. गिऱ्हाईक म्हणालं रंग बदलला, काहीतरी केलंस, तर कण काढून दाखवायचा. बाबा त्याला साक्षीदार म्हणायचे. कण जिथून काढला तिथे पॉलिश करायचं नाही, म्हणजे पुन्हा बसवून बघता येतो. तुझ्या भुंगेऱ्याचा साक्षीदार चित्रावरून सापडला. खडा तापवला होता की नाही मला आठवत नाही, खोटं कशाला बोलू. तूच बसवून बघ. दुसऱ्या डबीतलाही बघ. पाय बरे आहेत. खोकला आहे.'

ही रीत मला माहीत नव्हती. मुलींना बाबा चाकाजवळ येऊच देत नसत, वेण्या अडकतील म्हणून, आणि नंतर मला मार्ता आत्याकडे शाळेला धाडलं. एकाच घरात वाढलो आणि त्या खाचेचा अर्थ तुला ठाऊक, मला नाही.

कण चिमट्यात धरून मी इतकी जवळून बघत होते की इरेना म्हणाली, "द्या इकडे, नाहीतर नाकात जाईल." तिनेच बसवला. खाचेत तो असा बसला की सांधा शोधावा लागला. एक बुडबुडा मधोमध तुटलेला आहे, अर्धा खड्यात, अर्धा कणात, आणि दोन्ही अर्धी जुळली. म्हणजे कण याच खड्याचा. मग खालून उजेड दिला.

रंग एकच आहे, ब्रुनो. मधाचा, दोन्हीकडे तोच. कण दुधी आणि खडा स्वच्छ असता, किंवा खडा कणापेक्षा लालसर असता, तर तापवल्याचं कळलं असतं. तसं काही नाही. हा खडा समुद्रातूनच स्वच्छ आला आणि तू तो भट्टीला दाखवलाच नाहीस. खळगे भुंगेऱ्याचे आहेत. आम्ही चार वेगवेगळ्या दिव्यांखाली पाहिलं. इरेनाने केस पुन्हा काढले आणि म्हणाली, आता जीव गेला तरी खोडणार नाही.

मी खुर्चीत बसले आणि मला हसूच आवरेना. चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. बाबांचं नाव राहिलं.

दुसरी डबी अजून उघडलेली नाही. लेखात साक्षीदाराबद्दल एक परिच्छेद घालायचाय, त्या गडबडीत आहे. सवडीने बघेन.

तुझे उपकार कसे फेडू कळत नाही. खोकल्याला मध घे.

त्रुदा


क्राकूव, २४ मार्च १९९७

ब्रुनो,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. दुसरी डबी मी त्याच दिवशी उघडली होती, पहिलीनंतर दहा मिनिटांत. आत काय आहे ते बघितलं, झाकण लावलं, आणि तुला लिहिलं की सवडीने बघेन.

सरडा होता. तोच. आणि कागदात त्याचा साक्षीदार.

पंधरा वर्षांपूर्वी मी अहवालात तीन गोष्टी लिहिल्या होत्या. मला पाठ आहेत, कारण कपाटातल्या पाटीवर त्याच छापल्यात. एक, खड्याच्या आतून एक सपाट चकचकीत पडदा गेलाय, म्हणजे दोन भाग चिकटवलेत. दोन, सरडा जास्तच ताजा दिसतो. तीन, कडेला मुद्दाम केलेली खाच आहे, ती फसवणुकीची खूण. डागाळेल म्हणून डॉक्टरांनी डिंक विरघळवणारं द्रावण लावू दिलं नाही, म्हणून मी नुसतं डोळ्यांनी ठरवलं. खाच तर मी पुरावा म्हणून मोजली. बाबांनी खरेपणासाठी शिकवलेली खाच.

या पाच दिवसांत सगळं तपासलं, आधी करायला हवं होतं ते. कण दुधी आहे, खडा स्वच्छ. सरड्याचा खडा तू तापवला होतास. तापवल्यावर राळेच्या दोन थरांमधला सांधा उघडून चमकायला लागला, आणि मी त्याला डिंक म्हटलं. कणात शेपटीचं टोक आहे. तोच सांधा कणातही आहे, पण तिथे तो चमकत नाही, आणि शेपटी त्यातून अखंड गेलीय, दोन पदरांतून दोरा जावा तशी. सांध्यावर द्रावण लावलं, काही सुटलं नाही, काही चिकटलं नाही. सरडा खरा होता, ब्रुनो. पहिल्या दिवसापासून खरा होता, आणि तुझ्या डबीत त्याचा साक्षीदार होता.

आता माझ्या मनात काय आलं तेही सांगते. वाटलं, भुंगेऱ्याचा कण लेखात घालावा आणि सरड्याची डबी तुला गुपचूप परत पाठवावी. कुणाला कळणार? आमच्या संचालकांना हळूच विचारून पाहिलं. ते म्हणाले, "त्रुदाबाई, भुंगेरा छापून मोकळ्या व्हा. सरड्याचं आता कोण विचारतंय? कपाटावर संग्रहालयाचं नाव आहे, तुमचं आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मला ते पटलं. दोन दिवस पटलेलं राहिलं. साक्षीदाराचा परिच्छेद लिहायला बसले. 'कारागिराची ही पद्धत विश्वासार्ह आहे', एवढं लिहून झालं आणि पुढे लिहिता येईना. इरेना चित्राला शाई भरत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन्ही कण एकाच हाताने तोडलेले. एका साक्षीदारावर विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्याला दारातून परत लावायचं, हे कसं काय?"

पद्धत खरी असेल तर दोन्हीकडे खरी, नाहीतर बिश्केयाही पडला.

तेव्हा काय केलं ते ऐक. ल्यूडेकेंना लिहिलं की नोव्हेंबरात 'खात्री आहे' म्हटलं तेव्हा मला खात्री नव्हती, ती आत्ता झाली आणि कशामुळे झाली. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. लेख दहा तारखेला जाईल की नाही हेही त्यांच्यावर आहे. लेखाच्या शेवटी सरड्याची टीप जोडली: अहवाल चुकीचा, चूक माझी, खाच कशाची ते. कारागीर संघाला वेगळं पत्र पाठवलं, त्याची प्रत सोबत आहे. आणि आज सकाळी दालन उघडायच्या आधी कपाटातला सरड्याचा फोटो आणि पाटी काढली. मखमल तिथे गडद राहिलीय, बाकी सगळी विटली. सहलीतल्या एका मुलीने विचारलं, इथलं काय गेलं? मी म्हटलं, ते खोटं नव्हतं.

संघ आता काय करील मला माहीत नाही. तू गोदीत ढकललेली पिंपं काही परत येत नाहीत, तेवढं मला कळतं. माफ कर असं लिहायला बसले की पुढचा शब्दच सुचत नाही, म्हणून नुसतं तेवढंच लिहिते. माफ कर.

आता विचारायचं. आधी विचारते, मग लिहिते.

पहिलं, साक्षीदाराच्या परिच्छेदात तुझं नाव घालू का? 'कण ज्यांनी जपून ठेवला ते' यापुढे मी जागा मोकळी ठेवलीय. तू नको म्हणालास तर ती तशीच छापली जाईल.

दुसरं, नवं घराणं बाबांच्या नावाने आहे, पण त्या नावावर तुझाही हक्क आहे, आणि मी ते तुला न विचारता लावलं. ठेवू का? नको असेल तर दहा तारखेच्या आत दुसरं शोधते.

तिसरं. सरडा तुझा आहे, टपालाने पाठवायला माझा जीव धजत नाही. रविवारी ईस्टर आहे. शनिवारच्या गाडीने मी तो घेऊन येऊ का? नाही म्हणायचं असेल तर हेल्काला सांग शेजारणीकडून फोन करायला, कुत्रा भुंकला तरी चालेल. आणि हो म्हणालास, तर टेबलाच्या कडेने शिंग फिरवताना माझ्यापुढे थांब. शिंका येतील, येऊ देत.

त्रुदा